शनिवारचा फोन

"उठला! काका, उठला तो!" नंदन बाकावर चढून ओरडत होता.

खाली मैदानावर जेरेमी खरंच उठला होता. दोन आडदांड खेळाडूंच्या खाली सापडून त्याचं हेल्मेट जमिनीवर आपटलं होतं आणि थोडा वेळ तो हात पसरून निपचित पडला होता. आता तो आधी गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला. साऱ्या स्टँडने टाळ्या वाजवल्या. जेरेमी चालायला लागला आणि सरळ समोरच्या टीमच्या बाकाकडे निघाला.

"पार्टी बदलली की काय याने?" नंदन म्हणाला. लोक हसले. त्याच्या शेजारी बसलेला विलासही हसला.

युनिव्हर्सिटीची ट्रेनर पळत गेली आणि खांद्याला धरून तिने जेरेमीला आपल्या बाजूला वळवलं. उरलेली मॅच तो बाकावर बसून होता. आधी मिळवलेल्या आघाडीवर टीम कशीबशी जिंकली, पण घरी जाताना कोणी गाणी म्हटली नाहीत. पुढच्या शनिवारी सेमीफायनल होती. हॅमिल्टनमध्ये फुटबॉल म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन, हेल्मेट घालून खेळायचा खेळ, आणि त्यात प्रत्येक डाव सुरू होतो क्वार्टरबॅकच्या हातातून. जेरेमी क्वार्टरबॅक होता. त्याच्या जागी खेळायला जो होता, त्याला पाहून स्टँडमधल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या होत्या.

जेरेमी विलासच्या बेसमेंटमध्ये राहायचा. त्याची आई बाथशेवा मुंबईची, वडील रहमीम रेवदंड्याचे. टोरांटोतल्या मोजक्या मराठी ज्यू घरांपैकी त्यांचं एक. मुलाला हॅमिल्टनला ॲडमिशन मिळाली तेव्हा बाथशेवाने मराठी घर शोधलं होतं. "आमचं पोरगं तुमच्या भरवशावर, विलासभाऊ," ती म्हणाली होती. जेरेमीला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

मॅच शनिवारी असायची आणि रहमीम शनवार, म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, कडक पाळायचा. गाडी नाही, फोन नाही, दिव्याचं बटणही नाही. मुलाच्या खेळण्यावरून दोघांत एकदा मोठं भांडण झालं. शेवटी ठरलं, की त्याने खेळावं, आईबाप येणार नाहीत. म्हणून विलास जायचा. अंधार पडून शब्बाथ संपला की टोरांटोहून फोन यायचा आणि विलास पहिल्या किकपासून सगळी मॅच सांगायचा. रहमीम दुसऱ्या फोनवर असायचा. बोलायचा नाही, पण त्याचा श्वास ऐकू यायचा.

त्या शनिवारी विलास म्हणाला, "थोडं लागलं त्याला. पण उठला लगेच. आता बरा आहे."

"नक्की ना?" बाथशेवाने विचारलं.

"नक्की. खाली आराम करून राहिला."

विलासला नागपूरहून येऊन सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली बहुतेक वर्षं तो स्टीलच्या कारखान्यात तपासनीस होता. मंदीच्या वर्षी भट्टी थंड झाली आणि साठीला दोन वर्षं असताना तो घरी बसला. मुलगी अपूर्वा व्हँकूव्हरला. महिन्यातून दोनदा फोन करायची. आठवड्यात त्याची कोणी वाट पाहावी अशी एकच जागा होती, स्टँडमधला तो ॲल्युमिनियमचा बाक. डग नावाचा एक निवृत्त वेल्डर लवकर येऊन तिथे ब्लँकेट पसरून ठेवायचा; त्यावर डग, विलास आणि नंदन. नंदन पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, पंचविशीतला.

त्या आठवड्यात विलासला एकदम महत्त्व आलं. क्वार्टरबॅक ज्याच्या घरात, तो माणूस. नंदनचा रोज फोन यायचा. ग्रोसरीच्या दुकानात दोन अनोळखी माणसांनी त्याला थांबवून विचारलं. कॉफीच्या दुकानात डगने चार मित्रांसमोर त्याला खुर्ची ओढून दिली आणि विचारलं, "सो? इज ही प्लेइंग?"

"ही इज फाइन," विलास म्हणाला. "ही विल प्ले."

ट्रेनरने जेरेमीला प्रश्न विचारले होते आणि त्याने बरोबर उत्तरं दिली होती, एवढं विलासला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, शीलाला, वेगळं ठाऊक होतं. वरणभाताचं ताट ती खाली ठेवायची आणि तसंच वर आणायची.

"अहो, पोरगं अंधारात बसून राहतं. टीव्ही नाही, काही नाही. खिडकीला टॉवेल लावलाय त्याने."

"आराम करून राहिला ना. शनिवारी खेळायचं आहे त्याला."

"मोरीत ओकल्याचा वास होता काल."

"टेन्शन असेल. सेमीफायनल आहे बाप्पा."

शीलाने ताट झाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी जेरेमी बॅग घेऊन वर आला. मॅचच्या दिवशी शीला त्याच्या हातावर दहीसाखर द्यायची. अपूर्वाला परीक्षेला जाताना द्यायची, तसंच. थंडीत दही लागत नाही म्हणून ती रात्री पातेलं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवायची. पहिल्या वर्षी जेरेमी हसला होता. नंतर एका मॅचला तो घाईत तसाच गेला आणि टीम हरली, तेव्हापासून दह्याशिवाय तो दाराबाहेर पडायचा नाही.

शीलाने चमचा पुढे केला. जेरेमीने तळहात पुढे केला. दही खाली लादीवर पडलं.

हात चमच्याखाली नव्हताच. वीतभर बाजूला होता आणि जेरेमी त्या रिकाम्या हाताकडे बघत होता.

"सॉरी, आंटी," तो हसून म्हणाला. "माय बॅड."

शीलाने दुसरा चमचा भरला. या वेळी जेरेमीने एक डोळा मिटला, मग हात बरोबर चमच्याखाली आणला. दही चाटून त्याने बॅग उचलली.

"जेरेमी," विलास म्हणाला, "तुला दोन दोन दिसतात का रे?"

"आय ॲम गुड, अंकल."

"आईशी बोललास?"

"प्लीज, डोन्ट." तो दारात थांबला. "इट्स वन गेम. सगळे येणार आहेत. प्लीज."

शीला फडक्याने लादी पुसत होती. पुसून झाल्यावर उठली नाही. "फोन करा त्यांना," ती म्हणाली.

विलासने टोरांटोला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग मशीन सुरू झालं, बाथशेवाचा इंग्रजी आवाज, मग टूं. विलासच्या तोंडात वाक्य तयार होतं. पण वाईट बातमी अशी मशीनवर टाकायची नसते. त्याचे वडील नागपुरात वारले तेव्हा भावानेही फोनवर "बाबा जरा सीरियस आहेत, निघून ये" एवढंच सांगितलं होतं. माणसाला एकदम घाबरवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती.

"रहमीमभाऊ, नमस्कार, विलास बोलतोय. काळजीचं काही नाही. सगळं ठीक आहे. जमलं तर एक फोन करा."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच सांगितलं.

"आज शनवार आहे त्यांचा. ते कसे उचलतील?" शीला म्हणाली. "तुम्ही जा ना मैदानावर. त्या ट्रेनरबाईला सांगा."

"दुसऱ्याचं पोरगं आहे, शीला. आईबापाला न विचारता मी कसा काय सांगू?"

"आईबापाने तुमच्याच भरवशावर ठेवलंय."

तो फोनजवळ बसून राहिला. मॅच सुरू व्हायची वेळ टळून गेली तेव्हा त्याने कारखान्याचं जुनं जाकीट घातलं आणि निघाला.

स्टँड भरलेलं होतं. बारीक हिमकण पडत होते. डगने ब्लँकेटचं टोक उचलून त्याला जागा दिली. "कुठे होतात, काका?" नंदनने विचारलं. "सात-शून्य! पहिल्याच ड्राइव्हमध्ये! लागलंय म्हणे त्याला. कसलं काय!"

विलास बसला. खाली जेरेमीने चेंडू घेतला, दोन पावलं मागे सरकला आणि फेकला. चेंडू हिमकणांतून लांब गेला आणि धावणाऱ्या खेळाडूच्या हातात अलगद उतरला. स्टँड उठून उभं राहिलं. डगने विलासच्या पाठीवर थाप मारली. मागच्या रांगेतल्या कोणीतरी त्याचा खांदा दाबला. "दॅट्स युअर बॉय!" पायाखालचा पत्रा लोकांच्या नाचण्याने थरथरत होता.

विलास टाळ्या वाजवत होता. सकाळी आपल्यालाच भास झाला असेल, असं त्याला वाटलं. तसं वाटून घ्यायला बरं वाटत होतं.

नंतरच्या डावात जेरेमी एकदा पडला आणि उठला. पुन्हा पडला आणि उठला. फार जोराची धडक नव्हती, असं नंदन म्हणाला. मग डाव थांबला असताना कोचने बाजूने हाताने खूण केली. ती बघायला जेरेमीने मान वळवली आणि एक डोळा मिटला.

विलास उठला.

"वॉशरूमला का काका? हाफटाइम होऊ दे ना," नंदन म्हणाला.

पायऱ्या उतरून विलास खालच्या कठड्याशी आला. त्याने पाय वर टाकला, जाकीट अडकलं, ते सोडवून तो पलीकडे उतरला. धावपट्टीवरून एक म्हातारा माणूस टीमच्या बाकाकडे चाललेला साऱ्या स्टँडला दिसत होता. कोणीतरी शिट्टी वाजवली. एक सिक्युरिटीवाला धावत आला, तोवर विलास ट्रेनरपर्यंत पोचला होता.

"ही सीज डबल," तो म्हणाला. "ऑल वीक. डार्क रूम. व्हॉमिटिंग. प्लीज चेक."

तिने विलासकडे नीट पाहिलं. मग ती कोचकडे गेली. पुढच्या डावानंतर जेरेमीला बाहेर बोलावलं. तिने त्याच्या डोळ्यांसमोर बोटं धरली, काही विचारलं, पुन्हा बोटं धरली. मग तिने त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि ते परत दिलं नाही. जेरेमीने वळून विलासकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे होते.

टीम हरली. शेवटच्या दोन मिनिटांत, तीन गुणांनी. विलासने ते हॉस्पिटलमधल्या टीव्हीवर पाहिलं. आत जेरेमीची तपासणी चालू होती आणि बाहेरच्या खुर्च्यांवर विलास आणि शीला बसून होते.

अंधार पडल्यावर शीलाच्या मोबाइलवर बाथशेवाचा फोन आला. विलासने सगळं सांगितलं.

"सकाळी तुमचा आवाज ऐकला आम्ही," बाथशेवा म्हणाली. "मशीनवर. आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. दोन्ही वेळा. हे म्हणाले, सगळं ठीक आहे म्हणतायत, संध्याकाळी करू."

"ताई, मला तुम्हाला घाबरवायचं नव्हतं."

"जिवाचा प्रश्न असला की शनवार मोडतो आम्ही, भाऊ," ती म्हणाली. "तेवढं सांगायला हवं होतं."

आठवडाभराने रहमीम गाडी घेऊन मुलाला न्यायला आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता खेळ बंद. वाचन बंद, कॉम्प्यूटर बंद, टर्म सोडावी लागेल. पुढचं आत्ताच सांगता येत नाही. कोणत्या धडकेने काय झालं, हेही सांगता येणार नव्हतं. पहिल्या शनिवारची, की दुसऱ्या शनिवारी विलास ब्लँकेटवर बसून टाळ्या वाजवत होता तेव्हाची.

रहमीमने खोके गाडीत ठेवले. विलासने उचलायला हात लावला तर तो "राहू द्या" म्हणाला. आवाजात राग नव्हता. शीला वाटी घेऊन दारात आली. लांब जाणाऱ्या माणसाच्या हातावर दही द्यायचं म्हणून.

जेरेमीने काळा चष्मा घातला होता. त्याने हात खिशातून बाहेर काढले नाहीत.

"इट वॉज माय कॉल, अंकल," तो म्हणाला. "माय कॉल."

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही शीला वाटी धरून उभी होती.

हिवाळ्यात नंदन एकदा बर्फ शोव्हल करायला मदत म्हणून आला. अर्धा ड्राइव्हवे झाल्यावर टेकून उभा राहिला. "काका, एक बोलू? तुम्ही चूक केली असं मी म्हणत नाही. पण हाफटाइमपर्यंत तरी थांबायचं. चौदा-शून्य होतो आपण."

"हं," विलास म्हणाला आणि फावडं चालवत राहिला. बेसमेंटच्या दारापर्यंतची बाजूची वाटही त्याने साफ केली. तिथून आता कोणी ये-जा करत नव्हतं. बेसमेंट त्यांनी पुन्हा भाड्याने दिलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये पहिल्या मॅचला तो गेला. डग नेहमीच्या जागी होता. त्याने विलासला पाहिलं, मान हलवून ओळख दिली. ब्लँकेट घडी करून त्याच्या मांडीवर होतं. विलास वरच्या रांगेत, कठड्याला टेकून बसला. नवा क्वार्टरबॅक बरा खेळला; तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने फेकलेला एक लांब चेंडू बघायला लोक उठून उभे राहिले. टीम जिंकली. लोक पायऱ्या उतरेपर्यंत तो तिथेच थांबला.

संध्याकाळी अंधार पडला आणि फोन वाजला. दहा महिन्यांत शनिवारी तो वाजला नव्हता.

"विलासभाऊ," बाथशेवा म्हणाली. "मॅच होती ना आज?"

"हो ताई. जेरेमी कसा आहे?"

"आहे. दिवे बंद करून बसतो. उजेड सोसत नाही अजून." ती थांबली. "तो बोलणार नाही. पण मी स्पीकर लावलाय. हेही बसलेत. सांगा, कशी झाली मॅच."

शीलाने स्वयंपाकघरातला नळ बंद केला. विलास खुर्ची ओढून बसला. पलीकडे नुसती शांतता होती. कोणी ऐकत आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नव्हतं.

"थंडी नव्हती आज," तो म्हणाला. "टॉस आपण जिंकला. वारा पाठीशी होता."

मग त्याने पहिल्या किकपासून सांगायला सुरुवात केली. कोण धावला, कोण पडला, कुठल्या डावात कोचची चूक झाली, सगळं ओळीने. तिसऱ्या क्वार्टरमधला तो लांब चेंडूही सांगितला, किती उंच गेला, कुठे उतरला, लोक कसे उठले. कोणी फेकला ते मात्र सांगितलं नाही. पलीकडून कोणी विचारलंही नाही.