गोलकीपरच्या शेजारची जमीन

गारपिटीनं आमच्या गावच्या फुटबॉल क्लबच्या हॉलच्या पत्र्यांची चाळण केली, तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती : छप्पर. क्लबचं स्वयंपाकघर मी चालवते. दर महिन्याच्या एका रविवारी गावजेवण. मी पास्ता लाटायचा, उकळायचा, रटरटता रस्सा ढवळायचा आणि वरून भोकांतून येणारं पाणी त्यात पडू नये म्हणून देवाचा धावा करायचा. त्या जेवणांच्या तिकिटांतून आणि बिंगोतून छपराचे डॉलर साठत गेले.

डॉलर खजिनदार ओनोरिओच्या डीप फ्रीझरमध्ये होते, सॉसेजच्या खाली. बँकेत ठेवा म्हणणाऱ्याला आमच्या विल्या काप्राले गावात कुणी मातेचा कडू चहासुद्धा पाजणार नाही. बँकांनी एकदा दारं लावून लोकांची आयुष्यभराची कमाई गिळली, ते अजून कुणी विसरलेलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या शहाण्यांनी दूध सोडलं ते सोडलंच, आणि पुढे ताक म्हणून चुन्याची निवळी प्यायले, तीही न फुंकता.

ती पाजणारा ब्रूनो. क्लबचे अध्यक्ष सेव्हेरिनो बर्तोलोत्ती यांचा पुतण्या, तिकडे रोसारिओ शहरात असतो. पायात मोजे नाहीत, पँट घोट्याच्या वर, आणि तोंडात सतत 'भविष्य'. तो जमिनी विकत होता. कुठल्या? तर कंप्युटरच्या आतल्या एका शहरातल्या.

"काका, ही जमीन कुठल्या बँकेत नाही, कुठल्या सरकारच्या हातात नाही. कुणाच्या बापाला गोठवता येणार नाही!"

"तिथे गारासुद्धा पडत नसतील," मी म्हटलं.

"नाहीच पडत, मावशी!" तो खूश होऊन म्हणाला. टोमणा कळायलाही अक्कल लागते.

त्यानं डोळ्यांवर बांधायचं ते यंत्र आणलं होतं. म्हातारे एकेक करून ते चढवायचे आणि हॉलभर आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे फिरायचे. सेव्हेरिनोंनी तर खाली वाकून जमीन चाचपली आणि विचारलं, "पाणी किती खोल लागतं इथं?"

"तुम्ही म्हणाल तितकं, काका. आणि तो कुंपणापलीकडचा पांढरा बंगला बघा. गोलकीपरचा आहे."

गोलकीपर म्हणजे देशासाठी पेनल्टी अडवलेला, आता निवृत्त झालेला. झालं. तो शेजारी म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकलंच नाही.

सभेत मी उभी राहिले. "मला छप्पर हवंय. शेजारी नको."

"एडेल्मा," सेव्हेरिनो मला शाळेतल्या पोरीसारखं समजावू लागले, "पत्रा गंजतो. जमीन गंजते का? आणि देव काही नवीन जमीन घडवत बसलेला नाही."

आमच्या आज्यापणज्यांनी हे वाक्य आगबोटीतून या देशात येताना ट्रंकेत घालून आणलंय. गव्हाच्या शेतासाठी ते खरंही आहे. सगळे हात वर गेले, माझा सोडून. ओनोरिओनं सॉसेज बाजूला सारले.

मग वाजंत्री सुरू झाली. कर्णा लावलेली गाडी गल्लोगल्ली ओरडत फिरली : भविष्यात जमीन घेणारा प्रांतातला पहिला क्लब! रेडिओवर सेव्हेरिनो, पेपरात सेव्हेरिनो, महापौरांच्या शेजारी सेव्हेरिनो. हॉलच्या कोरड्या भिंतीवर चादर टांगून उद्घाटन दाखवलं. गोलकीपरचा बाहुला कुंपणाशी आला आणि त्यानं हात हलवला. सख्ख्या आईच्या मयतीला न रडलेले बाप्ये ढसाढसा रडले. बाहुल्यानं तीनदा हात हलवला, तिन्ही वेळा अगदी तस्साच. बंगला त्याला फुकट दिलाय आणि हात हलवायचे पैसे मिळतात, हे आम्हाला नंतर कळलं. पण त्या फोटोच्या जोरावर ब्रूनोनं आसपासच्या गावांतले क्लब पटापट गटवले.

आणि भाव चढला! आमच्या तुकड्याची किंमत तिप्पट झाली. मी हात पुसत सेव्हेरिनोंकडे धावले.

"विका. आजच विका. छप्पर होईल, नवी चूल होईल, पोरांना न्हाणीघरं होतील."

"बर्तोलोत्तींनी या देशात पाय ठेवल्यापासून वीतभर जमीन विकलेली नाही."

"अहो, ती जमीन नाही! चित्र आहे ते!"

"चित्राचा भाव तिप्पट होतो का?"

मी कपाळावर हात मारला. राजधानीतल्या, बुएनोस आयरेसच्या लबाडांनीही तिथे जमिनी घेतल्या होत्या, पण ते निदान विकून मोकळे झाले, आणि विकलं कुणाला, तर आमच्यासारख्यांना. आमचे मात्र बापजाद्यांची शेती असल्यासारखे चित्रावर पाय रोवून बसले. असलं गिऱ्हाईक त्या कंपनीला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं.

देव नवीन जमीन घडवत नाही, पण कंपनी घडवते. तिनं एका दुपारी आधीच्या दसपट तुकडे विकायला काढले. गोलकीपरचा करार संपला, तो बंगल्यातून गायब झाला आणि तिथे सट्ट्याच्या दुकानाची पाटी लागली. आमच्या जमिनीच्या भावात मैद्याचं पोतंसुद्धा येईना. कर्ण्याची गाडी तेव्हा काही फिरली नाही.

मी ब्रूनोला फोन लावला. "तुझी स्वतःची किती रे जमीन तिथे?"

"मी विकणाऱ्यांतला, मावशी. आणि निर्णय सभेचा होता."

मग लीगचा निरोप आला : हिवाळ्याआधी छप्पर घाला, नाहीतर हॉलला कुलूप. क्लब बंद म्हणजे गावातल्या पोरांनी कोपऱ्यावर बिअर पीत बसायचं आणि म्हाताऱ्यांनी घरात मरायचं. सेव्हेरिनोंना मी पुष्कळ शिव्या दिल्यात, पण हे खरं सांगते : माणूस पळाला नाही. रस्त्यालगतचा स्वतःचा तुकडा त्यांनी विकायला काढला, आजोबांनी नांगरलेला, खराखुरा. बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

गिऱ्हाईक रोसारिओच्या वकिलामार्फत ठरलं, नाव कळलं नव्हतं. जमीन बघायच्या दिवशी मीही गेले. पैसे फ्रीझरमध्ये जाऊ द्यायचे नाहीत, थेट पत्रेवाल्याला द्यायचे, असं मी ठरवलंच होतं.

गाडीतून ब्रूनो उतरला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून.

 ब्रूनो कुंपणाच्या कडेनं पायी हिंडला, एकेक खांब हलवून पाहिला, विहिरीत दोर सोडून पाणी मोजलं. मग उकिडवा बसला, मूठभर माती कुस्करली आणि नाकाशी नेली.

"शेजारी कोण, ते नाही विचारलंस?" मी म्हटलं.

"शेजाऱ्याचं काय करायचंय, मावशी? माती बघायची." हात झटकत तो काकांकडे वळला. "त्या कोपऱ्यात पाणी साचतंय, काका. भाव जरा कमी करावा लागेल."

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि हिवाळा तोंडावर होता. सेव्हेरिनोंनी भाव कमी केला.

हॉलवर आता नवे पत्रे आहेत. तेवढे पैसे कमी आले, म्हणून स्वयंपाकघरावर घालायला पुरले नाहीत.