एलिनाची तसबीर

मोत्यावर माशीचा काळा ठिपका बसला होता – चित्रातल्या मुलीच्या डाव्या कानातल्या, तांदळाच्या कणीएवढ्या मोत्यावर – आणि कार्मीन ओल्या कापसानं तो इतक्या हलक्या हातानं टिपत होती, की आपण कुणाचा जिवंत कान पुसतोय असं तिला वाटलं. पुसायचं तरी कशासाठी? दुपारी धाकटी बहीण एलिना येणार, तसबीर गाडीत घालून पणजीला नेणार... अडीचशे वर्षांपूर्वी गोव्यात कुणी रंगवलेली ही कोवळी नवरी आईकडून मुलीकडे येत येत वेंगुर्ल्याच्या या घरात पोचली होती, आणि घराण्याचा नियम एकच – जिच्यात तो चेहरा उतरेल, तिची ती. एलिनात उतरला होता. तीच निमुळती हनुवटी, तेच किंचित दुमडलेले ओठ. कार्मीनला पपाचा जबडा मिळाला. पाहुणे आले की मांय धाकटीला तसबिरीखाली उभी करायची, सगळे आळीपाळीनं वर बघत, खाली बघत, आणि कार्मीन सरबत आणायला आत जायची – तिला कुणी पाठवत नसे, ती आपणहूनच जायची.

तसबिरीखालच्या पलंगावर आता मांय झोपली होती. डोळे जाऊन बरीच वर्षं झाली. न्हाऊ घालणं, भरवणं, वेणी घालणं, सगळं कार्मीनकडे. तरी रोज सकाळी मांयचा पहिला प्रश्न ठरलेला – "एलिनाची तसबीर बरी आसा मगो?"

एलिना आली ती घाईतच. दारातूनच तिनं वर पाहिलं आणि बहिणीला हाताला धरून बाहेर ओसरीवर नेलं.

"बाय, माका नको गो ती. घरात सारखी आपल्याकडे बघता तशी वाटात. तूच ठेव. मांयक काय तां सांग."

एवढंच. झोपलेल्या मांयच्या कपाळाची पापी घेऊन ती निघूनही गेली. जिच्यासाठी कार्मीन आयुष्यभर आतल्या आत जळली, ती वस्तू एलिनानं उरलेल्या भाजीसारखी तिच्याकडे सरकवली होती... माझी झाली, कार्मीन स्वतःशी म्हणाली. पुन्हा म्हणाली. काहीच झालं नाही. भिंतीवरची मुलगी तशीच तिच्या खांद्यावरून पलीकडे कुणाकडे तरी बघत राहिली.

मांय जागी झाली. "एलिना इली?"

"इली आणि गेली."

"तसबीर?"

कार्मीननं वर पाहिलं. मांयच्या डोक्यावर हातभर अंतरावर ती होती.

"न्हेल्यान," ती म्हणाली. आणि मग, आपलाच आवाज लांबून ऐकल्यासारखा – "विकतली म्हणाली. गिऱ्हाईक बघून ठेवल्यान."

मांयचा हात चादरीवर थांबला. कार्मीन वाट बघत होती – त्या तोंडावर काहीतरी मोडेल, डोळ्यांत पाणी येईल, निदान एकदा तरी धाकटीच्या नावानं तक्रार निघेल...

"विकांदे," मांय म्हणाली. "तिचीच ती. काय तरी नड असतली एलिनाची." मग अगदी मायेनं – "तुझ्याकडे ऱ्हवली असती तर तुझ्यासारखीच, कोनी न बघता सुकान गेली असती."

कार्मीननं पेजेची वाटी आणली. चमचा फुंकून मांयच्या ओठांशी धरला, हनुवटीवर ओघळलेलं निपटून घेतलं. मांय निवांत गिळत होती. त्या निवांत तोंडाकडे बघत कार्मीन दुसरं काहीतरी शोधू लागली – तसबीर विकण्याहून वाईट, जे एलिनानं केलं असं सांगितलं तर मांयला पोटात घालता येणार नाही... राग नव्हताच. उलट सगळं कसं मोकळं, लख्ख दिसत होतं. घाई करायची नाही, एवढंच तिला कळत होतं – मांय कुठं जाणार होती?