पायरीवरचा माणूस

या गल्लीत घर घ्यायची हौस शिंपीमास्तरांची. खाली चार बार, समोर नाचगाण्याचा हॉल आणि पहाटेपर्यंत माणसांची रीघ. बायको पहिल्याच आठवड्यात कातावली, तर हे म्हणाले, "अगं, औषधाचं दुकान रात्रभर उघडं, दाराशी टॅक्सी, वेटरांचे कोट नि गाणाऱ्या बायकांचे झगे आपल्या पायांनी तिसऱ्या मजल्यावर येतात. आणखी काय पाहिजे?"

ते काही खोटं नव्हतं. हाताला काम कधी कमी पडलं नाही, आणि मास्तरांना मुळातच माणसांचा सोस. मशीन चालवताना खालच्या गाण्यावर मान डोलवायचे. ती मात्र कानांत कापसाचे बोळे कोंबून निजायची, नि सकाळी उठून जिन्यातली कुणाची तरी ओकारी धुवायची. लेक तान्ह्या बाळाला घेऊन एकदाच राहायला आली, ती दुसऱ्या दिवशीच परत गेली.

त्या शनिवारी रात्री मास्तरांचं डोकं ठणकायला लागलं. झोपमोड नको म्हणून बायकोला न उठवता ते गोळी आणायला उतरले.

पहाटे तिला जाग आली तर शेजारची जागा गार. मोरी पाहिली, जिना उतरली. मास्तर शेवटच्या पायरीवर आडवे होते. तोंड वाकडं झालेलं, सदऱ्यावर कुणाची तरी सांडलेली बिअर. बारच्या दारावरचा पहिलवान धावत आला.

"काकू, हे मास्तर आहेत? मला वाटलं, कुणीतरी पिऊन पडलंय. रोजच पडतात हो."

"कधीपासून?"

"दोन वाजता पाहिलं होतं." त्याची मान वर होईना. "वर बघून काहीतरी बरळत होते."

पाच वाजत आले होते. तिचा हात कानाकडे गेला. एक बोळा अजून आतच होता.

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "जरा लवकर आणायला हवं होतं." उजवं अंग गेलं, वाचा गेली. चौघांनी खुर्चीत बसवून मास्तरांना वर चढवलं, ते वरच राहिले. कोट नि झगे दुसऱ्या शिंप्याकडे गेले. घर विकायला काढलं, पण गिऱ्हाईक दुपारी घर बघून खूश व्हायचं नि संध्याकाळी पुन्हा येऊन गेलं की फोनच उचलायचं नाही. लेकीच्या दोन खोल्यांत तिचे सासू-सासरे. ती फोनवर नुसती रडायची. पहिलवान दोनदा फळं घेऊन आला, मग तोही दिसेनासा झाला.

एका संध्याकाळी खाली स्पीकर सुरू झाले, पलंगाची सळई थरथरायला लागली. मास्तरांनी डावा हात उचलून खिडकीकडे केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लावते हं," ती म्हणाली.

खिडकी लावलेलीच होती. तरी तिने ती उघडली, गोंगाट भसकन आत आला. मग तिने ती जोरात ओढून घेतली, कडी घातली.

"झालं ना कमी?"

मास्तरांचा हात खाली आला नाही.