हॉलच्या तेवीस विटा

टेस नॉस्केने थापीच्या मुठीने वीट ठोकली आणि कान दिला. चांगली वीट खणकन वाजते. ही ओल्या लाकडासारखी बद्द वाजली. तिने विटेवर खडूने फुली मारली आणि गुडघ्यांवरच पुढे सरकली.

"किती झाल्या?" मागे उभ्या असलेल्या ग्वेन ट्रेवॉरोने विचारलं.

"बावीस."

"शाळेत गणितातसुद्धा एवढ्या फुल्या मिळाल्या नव्हत्या मला."

टेसने आणखी एक वीट ठोकली. "तेवीस," ती म्हणाली आणि खडू खिशात टाकला.

टॅलबारा गावच्या सभागृहाची, इन्स्टिट्यूट हॉलची, दर्शनी भिंत दाराच्या उजव्या हाताला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोण्याने, म्हणजे ओलीबरोबर चढणाऱ्या क्षाराने, खाल्ली होती. विटांचे पापुद्रे सुटत होते, खाली पिठासारखी पांढरी भुकटी साचली होती. लोणा कुठून आला हे शोधायची गरज नव्हती. भिंतीला लागूनच निळ्या फुलांचा वाफा होता आणि हॉलची सेक्रेटरी या नात्याने ग्वेन त्याला पन्नास वर्षं सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होती.

"पाणी घालून भिंत वाढली का गं, ग्वेन?" पत्र्याच्या कुंपणापलीकडून आवाज आला. पत्र्यावर एक जुनी फेल्ट हॅट आणि तिच्याखाली दोन डोळे, एवढंच दिसत होतं.

ग्वेनने मान वळवली नाही. "त्याला सांग, मी कामात आहे."

"त्या कामात आहेत," टेसने हॅटला सांगितलं.

"ऐकलं. अठ्ठेचाळीस वर्षं ऐकतोय." हॅट खाली गेली.

"क्लॅरी ओब्स्ट," ग्वेन म्हणाली. "चोर आहे. सोड त्याला. तू विटांचं बोल."

विटांचंच तर अवघड होतं. गावची भट्टी बंद होऊन नव्वद वर्षं झाली होती. तिथली वीट जांभळट लाल, अंगावर मिरी सांडल्यासारखे काळे ठिपके. टेस तीन गावांतली जुन्या सामानाची आवारं पालथी घालून आली होती; तसली एक वीट मिळाली नव्हती.

"मग नव्या आण आणि सिमेंटने बसव," ग्वेन म्हणाली. "पुढच्या शनिवारी हॉलला सव्वाशे वर्षं होतायत. लोक केककडे बघतील. भिंतीकडे कोण बघतंय?"

"भिंत बघेल. नवी वीट कडक असते, सिमेंट त्याहून कडक. ओल त्यांतून बाहेर पडत नाही, ती शेजारच्या जुन्या विटांतून वाट काढते. पाच वर्षांनी तुम्ही मला पुन्हा बोलवाल आणि मी पन्नास फुल्या मारीन."

"पाच वर्षांनी मी ऐंशीची असेन. तेव्हाचं तेव्हा."

"मग दुसरा गवंडी बघा," टेस म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती हत्यारं पुसून पेटीत ठेवायला लागली होती.

ग्वेनने हत्यारांकडे पाहिलं. मग, पहिल्यांदाच, कुंपणाकडे. "तसल्या विटा," ती नाइलाजाने म्हणाली, "आहेत एका ठिकाणी."

क्लॅरीच्या परसात बार्बेक्यू होता. कमरेएवढा, दोन बाजूंना ओटे, मधे लोखंडी जाळी आणि तिच्यावर सॉसेज. विटा जांभळट लाल, अंगावर काळे ठिपके. टेसने त्यावरून हात फिरवला.

"जाळीला हात लावू नकोस, तापलीय," क्लॅरी म्हणाला. त्र्याऐंशीचा, काटक, हातात लांब चिमटा. "बस. सॉसेज खाशील?"

बसायला बार्बेक्यूसमोर उशांसारखे तीन करडे दगड रांगेत मांडलेले होते. टेस बसली आणि बसता बसता तिने ओळखलं: ओल लागून आतल्या आत दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या. कागद कधीच गळून गेला होता, पण कडेला गोणीच्या शिवणीचा ठसा तसाच होता. गवंड्यांच्या घरी असा एखादा दगड असतोच. तीन मात्र जरा जास्तच.

"गवंडीकाम केलंय तुम्ही?"

"रेल्वेत. पुलांचं. तीस वर्षं." त्याने पावाच्या तुकड्यात सॉसेज आणि कांदा घालून तिच्या हातात दिला. "तिने काय सांगितलं? चोर?"

"हो."

"शहात्तर साली कमिटीने हॉलच्या मागची धुण्याची खोली पाडली. विटा खाणीत टाकून देणार होते. मी ढकलगाडीने इथे आणल्या, भर दुपारी, सगळ्यांसमोर. बाईसाहेबांनी इतिवृत्तात लिहिलं: सी. ओब्स्ट यांनी परवानगीविना विटा नेल्या. तेव्हापासून मी त्या दारात पाय ठेवलेला नाही. पोरीच्या लग्नाचा नाचसुद्धा कुंपणावरून बघितला."

टेस घास गिळेपर्यंत थांबली. "मला तेवीस हव्यात."

"माहितेय. फुल्या मोजल्या मी."

"द्याल?"

"तिला येऊन मागू दे. फाटकातून. कुंपणावरून नाही."

टेसने बार्बेक्यूकडे पुन्हा एकदा पाहिलं. "एक सांगून ठेवते. सत्तरेक विटा असतील यात, पण शहात्तर सालचं काम म्हणजे सिमेंटचं. सिमेंट सुटत नाही, आधी वीट फुटते. चुन्यात असत्या तर गोष्ट वेगळी. चुना धरून ठेवतो, पण मागितलं की सोडतोही. तुमचा बार्बेक्यू जाईल आणि कदाचित मला दहासुद्धा धड मिळणार नाहीत."

क्लॅरीने चिमट्याने कांदा परतला. "आधी तिला येऊ दे," तो म्हणाला.

ग्वेनला यायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी ती म्हणाली की मरेन पण जाणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने फुलांचा वाफा स्वतःच्या हाताने उपटला, सगळी झाडं ढकलगाडीत भरली आणि टेसला विचारलं की पांढऱ्या रंगाचा हात दिला तर चालेल का. टेसने चालणार नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती केसांना पिना लावून, चर्चला घालतात ते बूट घालून फाटकातून आत आली. मागोमाग टेस, हातात छिन्नी, हातोडा, कापायचं यंत्र.

"क्लॅरी."

"ग्वेन."

"विटा हव्यात."

"कसल्या?"

"कसल्या ते तुला माहितेय, गाढवा."

"मागण्याची ही कुठली रीत?"

ग्वेनने श्वास घेतला. "हॉलच्या भिंतीसाठी तेवीस विटा हव्यात. देशील का?"

"घे," क्लॅरी म्हणाला.

एवढ्या पटकन मिळतील याची तिची तयारी नव्हती. दोन दिवस घोकलेलं सगळं तोंडातच राहिलं. ती जवळच्या करड्या दगडावर जाऊन बसली.

"इतिवृत्तात मी खरं तेच लिहिलं होतं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "परवानगी नव्हतीच."

"नव्हती. पण त्याच बैठकीत मी काय म्हणालो होतो ते लिहिलंस?"

"काय म्हणाला होतास?"

"की ही वीट पुन्हा कुठे मिळायची नाही, ठेवून द्या, एक दिवस लागेल. सगळे हसले. तूसुद्धा."

 ग्वेनने बुटावरची धूळ दुसऱ्या बुटाने पुसली.

टेसने जाळी उचलून बाजूला ठेवली, चष्मा चढवला, यंत्राची वायर सोडली. यंत्र लावण्याआधी सवयीने तिने वरच्या थरातल्या कोपऱ्याच्या विटेला छिन्नी लावून हलकीशी टिचकी मारली. वीट हलली. आणखी एक टिचकी. वीट अख्खी तिच्या हातात आली. खालचा सांधा बिस्किटासारखा भुरभुरला.

तिने चष्मा वर केला. भुकटी बोटांत चोळली, वास घेतला. पांढरी, मऊ, वाळू बारीक. दुसरी वीट उचलली, तिसरी. एकीचाही कोपरा उडाला नाही. जाळीच्या बाजूची काजळी सोडली तर काल भट्टीतून काढल्यासारख्या. तिने यंत्राची वायर परत गुंडाळली.

"हे कोणी बांधलं?"

"मीच."

"चुन्यात?"

क्लॅरीने हॅट काढली, आत पाहिलं, परत घातली. "त्या वर्षी सिमेंट मिळत नव्हतं," तो म्हणाला. "टंचाई होती."

 टेसने काजळीची बाजू घासली, वीट पाण्याच्या बादलीत सोडली. विटेतून बुडबुडे फुटायला लागले. पाणी प्यायलेली वीट चुना नीट धरते. भिंतीत जाईल तेव्हा काळी बाजू आत, स्वच्छ बाजू रस्त्याकडे.

"टंचाई?" ग्वेनने विचारलं.

"फार."

ग्वेनचा हात ती बसली होती त्या दगडाच्या कडेवर होता. बोटांना काहीतरी लागलं म्हणून तिने खाली पाहिलं. शिवण होती. सिमेंटच्या गोणीची. तिने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने चाचपली. मग शेजारच्या दगडाकडे पाहिलं, मग तिसऱ्याकडे. त्यांनाही शिवण होती.

बादलीत आता सात विटा होत्या.  निलगिरीच्या झाडावर गुलाबी काकाकुव्यांचा थवा उतरून भांडायला लागला.

"शनिवारी," शेवटी ग्वेन म्हणाली, "सगळे आपापल्या घरून काहीतरी करून आणणार आहेत. तू रिकाम्या हाताने येऊ नकोस. आणि सॉसेज आणू नकोस, सॉसेज सगळेच आणतात."

"बटाट्याचं सॅलड आणतो. लोणच्याच्या काकड्या घालून."

"आण."

ती उठली नाही. जरा सावरून बसली आणि तळहाताने दगड थोपटला.

"बसायला फार टणक आहे रे हे."

"अठ्ठेचाळीस वर्षांतली पहिली तक्रार," क्लॅरी म्हणाला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.