झाकण कोणी उघडलं?

सकाळी प्रयोगशाळेत ताईने पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं दार उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परवा छान लाल दिसणारी बाटली पिवळी पडली होती. आत गढूळ, खरकटी भांडी विसळल्यासारखं पाणी.

अठरा दिवस गेले होते त्यात! बाळंतिणींच्या दवाखान्यातून नाळेतलं रक्त आणायचं, त्यातल्या मूळ पेशी वेचायच्या, मग दर तिसऱ्या दिवशी शिळं खाणं काढून ताजं घालायचं. एवढे लाड केले की कुठे त्यांच्या रक्तपेशी होतात. आज त्या तपासायला जायच्या होत्या. आता आत नुसते जंतू.

"कोणी हात लावला?"

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे गोगलगाय म्हणत, पुटपुटला, "मला कशाला मध्ये ओढतेस, ताई? ग्रुपवरचे फोटो बघ."

काल ती सुट्टीवर होती. साहेबांनी पाहुणे आणले होते. दुपारी साडेतीनच्या फोटोत साहेब खिडकीपाशी उभे, तोंडाला मास्क नाही, एका हातात बाटली, दुसऱ्यात झाकण. आणि दात काढून हसतायत! बाटली उघडायची ती फक्त गाळलेल्या हवेच्या पेटीत, हे तिथे फरशी पुसणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात साहेबच आले. "खराब झालं ना? वहीत लिही, हाताळताना चूक झाली. खाली सही कर."

"कोणाची चूक?"

"अगं, तुझी. मी काय रोज बाटल्या हाताळतो?"

"रोज नाही. कालच हाताळलीत."

"जीभ सांभाळ. लिहायचं नसेल तर उद्यापासून घरी बस. तुझ्यासारख्या पायलीला पन्नास मिळतात."

"मिळतील की! झाकण उघडून मिरवणारे साहेबही मिळतात." ताईचा आवाज चढला. "जिची नाळ होती ना, ती बाई कळा सोसून अर्धमेली झालेली. तरी मला विचारत होती, कोणाच्या उपयोगी पडेल ना? तिला काय सांगू? साहेबांना फोटो काढायचा होता?"

गोगलगाय अजूनच आक्रसला.

ताईने वही ओढली. बाटली उघडणाऱ्याचं नाव, वेळ आणि जागा लिहायची, असा तिथला नियम. पेन असं दाबून चालवलं की मागच्या पानावर उठलं. 'काल दुपारी साडेतीन. उघडणारे साहेब. जागा खिडकी. मास्क नाही.' मोठ्याने वाचलं आणि पेन साहेबांपुढे धरलं.

"सही तुमची. नियम आहे."

"वेडी झालीस का?"

"बरं, मग माझी घ्या. फोटो बघितला म्हणून." तिने नाव खरडलं, तपासणीवाल्यांना फोन लावला आणि साहेबांदेखत सांगितलं, "आज काही पाठवत नाही. का ते वहीत आहे, येऊन वाचा."

मग एप्रन काढून साहेबांच्या हातात कोंबला आणि निघाली. दार एवढ्या जोरात आपटलं की आतली काच खणखणली.