तारेच्या पलीकडची सांडणी

शनिवारी सकाळी शिवलीला येलहंकाच्या भाड्याच्या घरात मोबाइल हातात घेऊन येरझाऱ्या घालत होती. कोरमंगलाच्या ज्या छोट्या कंपनीत ती कामाला होती, ती कंपनी जैसलमेरकडच्या उंटांच्या गळ्यात पट्टे बांधायची. पट्टा दर तासाला जनावराचा ठावठिकाणा कळवायचा. तिथले उंट राखणीशिवाय रानात चरतात. मांडीवर डागलेल्या खुणेवरून मालक आपलं जनावर ओळखतो. दुभत्या सांडणीचं, म्हणजे उंटिणीचं, पिल्लू मात्र घरी बांधून ठेवतात, म्हणजे ती आपसूक परतते.

सुमारखानची सांडणी तीन दिवस परतली नव्हती.

"सुमारभाई, ती दक्षिणेला आहे. अठरा किलोमीटरवर," ती फोनवर हिंदीत सांगत होती.

"बेटी, या दिवसांत ती उत्तरेलाच जाते. मी तिकडंच शोधतोय. मागच्या महिन्यात तुमच्या पट्ट्यानं मला उगाच पळवलं होतं." मागून पिल्लाचं ओरडणं येत होतं. "शेळीच्या दुधावर हे किती दिवस तगेल?"

फोन बंद झाला. मागच्या वेळची चूक खरीच होती. आज पुन्हा चुकलं तर?

यल्लव्वा, तिची आई, नाश्त्याची ताटली घेऊन आली. खानापूरकडं तिनं जन्मभर म्हशी राखलेल्या.

"काय बघालीस एवढं?"

शिवलीलानं नकाशा दाखवला. तीन दिवसांचे सगळे ठिपके एका सरळ रेघेवर, पुढं-मागं, पुढं-मागं.

"अगं, कुंपण लागलंय हिला," यल्लव्वा म्हणाली. "पलीकडं पिल्लू असलं की जनावर असंच फिरतंय."

"नकाशावर कुंपण नाही गं."

"नकाशा जुना असंल की!"

शिवलीलानं पुन्हा फोन लावला. "सुमारभाई, माझ्यावर नका, माझ्या आईवर विश्वास ठेवा. ती म्हणते, सांडणी कुठल्यातरी कुंपणाला अडलीय. तिनं गुरं राखलीत."

पलीकडून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

दीड तास तिला बसवेना. ताटली तशीच राहिली. अखेर फोन वाजला.

"तार आहे, बेटी! नवीकोरी, तीन-चार दिवसांतली दिसतेय. सौरऊर्जेच्या कुठल्याशा प्रकल्पाची. ती पलीकडं उभी आहे. मान खरचटलीय, कास दगडासारखी झालीय. फाटक कुठं आहे?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. सुमारखान तारेच्या अलीकडून चालत हाका मारत राहिला, सांडणी पलीकडून त्याच्या बरोबरीनं चालत राहिली. सात किलोमीटरवर फाटक सापडलं. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून त्यानं ते उघडून घेतलं.

संध्याकाळी शिवलीलाला फोनवर पिल्लाचं चुरूचुरू पिणं ऐकू आलं. यल्लव्वानं पदरानं डोळे टिपले.

"तुझ्या आईला सलाम सांग," सुमारखान म्हणाला. "पण आज बघितलं, माझ्या आणखी अकरा सांडण्या त्याच बाजूला चरताहेत."

शिवलीलानं लॅपटॉप उघडला आणि सात किलोमीटरची ती तार फाटकासकट नकाशावर आखायला घेतली.