ब्रुसेल्सचा देझिरे कुणाच्या बाजूचा

आता सांगा, ऐंशी ओलांडलेल्या माणसाला कुणी असलं काही विचारतं का? पण रोझीन पडली चौकस. एकदा डोक्यात किडा वळवळला की बाईला चैन म्हणून पडायचं नाही.

ब्रुसेल्समध्ये चिठ्ठ्या टाकून नागरिकांची एक बैठक बसवली होती आणि केस कापणाऱ्या या रोझीनचं नाव त्यात निघालं होतं. प्रश्न जबरा होता. उद्या बेल्जियमचं संघराज्य सैल झालं, उत्तरेचे फ्लेमिश आणि दक्षिणेचे फ्रेंच बोलणारे आपापल्या घरचे धनी झाले आणि देश म्हणून मध्ये नुसती एक गाठ उरली, तर राजधानीचं काय? एक तोडगा होता, ब्रुसेल्सच्या प्रत्येकानं एक बाजू निवडावी. पेन्शन, दवाखाना, म्हातारपणीचं घर, सगळं तिकडूनच. दुसरा, ब्रुसेल्सनं आपलं आपण बघावं. उद्या सकाळी हात वर करायचा होता.

"पापा, तुम्ही कुठली बाजू घ्याल?"

तिचा बाप देझिरे कॉफी घेऊन बसला होता. "आधी ते दे गं, ते... ढवळायचं."

"चमचा?"

"हां, तेच. आणि हे काय विचारणं झालं? फ्रेंच! या घरात फ्लेमिशचा एक शब्द तरी ऐकलास कधी?"

खरंच नव्हता ऐकला.

"म्हणजे माझी सुट्टी," भांडी विसळता विसळता नईमा म्हणाली. म्हाताऱ्याची आंघोळ, औषधं, कुरबुरी तीच बघायची आणि तिला पाठवणारी संस्था होती फ्लेमिश. "टाचेला मलम लावायला दुसरी शोधा, मस्यू."

"अरे देवा! मग फ्लेमिश घ्या ना," रोझीन म्हणाली.

"आणि तू?" देझिरेनं विचारलं.

"मला कुठं येतं फ्लेमिश? मी फ्रेंचच."

म्हातारा उठला. कॉफी तशीच टाकून, कठड्याला धरत माळ्यावर आपल्या कबुतरांकडे निघून गेला.

"रुसले वाटतं."

"तुम्ही कधी वर जाऊन ऐकलंय का हो त्यांना?" नईमानं विचारलं.

"छे! वर कुणी गेलं की शर्यतीची कबुतरं बुजतात म्हणे. लहानपणापासून मला मनाई."

पण आता किडा जास्तच वळवळायला लागला. दोघी पाय न वाजवता वर गेल्या. दाराआड देझिरे भडाभडा बोलत होता आणि तेही फ्लेमिशमध्ये! ब्रुसेल्सच्या जुन्या गल्ल्यांतलं, रांगडं फ्लेमिश. रोझीन बघतच राहिली. तिची आजी तसं बोलायची आणि त्यापायी पापांनी शाळेत मार खाल्ला होता, असं आत्या एकदा बोलून गेली होती. रोझीननं तेव्हा कानाआड केलं होतं.

"काय म्हणतायत?" ती कुजबुजली.

नईमा वर्गात जाऊन फ्लेमिश शिकली होती. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणतायत, फ्रेंच शब्द हल्ली सापडत नाहीत. एक दिवस सगळेच जातील, आईचे तेवढे राहतील. मग मला फ्लेमिश बाजूच्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवावं लागेल. पोरगी दुसऱ्या बाजूची. ती भेटायला येईल, पण माझ्याशी बोलेल काय?"

 मघाचा तो चमचा रोझीनला आठवला. कालची किल्ली, परवाची टोपी आठवली. तिला वाटलं होतं, म्हातारपण, दुसरं काय!

तिनं दार ढकललं. कबुतरं फडफडली. देझिरे चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"पापा, एका बाजूचं होणं आपल्याला परवडायचं नाही. उद्या मी तेच सांगणार आहे," ती म्हणाली. मग डोळे पुसून त्याच्या शेजारी दाण्यांच्या पोत्यावर बसली. "चमच्याला काय म्हणता हो तुम्ही? आजीच्या भाषेत?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट बघितलं.

"लेपल," तो जराही न अडखळता म्हणाला.

"लेपल," रोझीन म्हणाली. "आणि किल्लीला?"